लिनक्सची आवृत्ती मागत नाही, वाट तेवढी अडवू नका

पुण्या-मुंबईतल्या आणि एकूणच मराठी मुलखातल्या गेम बनवणाऱ्या मंडळींना,

स. न. वि. वि.

आधीच सांगून टाकतो, नाहीतर पहिल्या ओळीतलं ‘लिनक्स’ वाचूनच तुमच्यातले निम्मे लोक पत्र बाजूला ठेवतील. मी लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर, गेम खेळतो, पण तुमच्याकडे लिनक्सची वेगळी आवृत्ती मागायला आलेलो नाही. ती मागणी माझ्यासारख्यांनी वीस-पंचवीस वर्षं केली. सह्या गोळा केल्या, कंपन्यांना पत्रं पाठवली, ‘नो टक्स, नो बक्स’ म्हणत लिनक्सचं बोधचिन्ह असलेला टक्स पेंग्विन ज्यावर नाही अशा गेमवर पैसे न घालवण्याच्या शपथा घेतल्या. आता ती मागणी मी सोडली आहे आणि ती का सोडली हे तुमच्याच धंद्याच्या दृष्टीनं ऐकण्यासारखं आहे.

वेगळ्या आवृत्तीचा इतिहास फारसा सुखाचा नाही. १९९८ साली कॅलिफोर्नियात लोकी नावाची कंपनी निघाली. दुसऱ्यांनी विंडोजसाठी केलेले गेम परवाना घेऊन लिनक्सवर आणायचे आणि खोक्यात घालून विकायचे, एवढाच तिचा धंदा. सिव्हिलायझेशन: कॉल टू पॉवर, हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३, सिमसिटी ३०००, क्वेक ३... यादी आजही हेवा वाटावा अशी आहे. पण विंडोजचा खोका दुकानात आधी यायचा, लिनक्सचा मागाहून, आणि ज्याच्या मशीनवर दोन्ही सिस्टिम होत्या तो कशाला थांबेल? २००१ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली आणि २००२ च्या जानेवारीत टाळं लागलं. मागे राहिली ती लोकीत काम करणाऱ्या सॅम लँटिंगांची एसडीएल ही लायब्ररी. ती आज इतक्या गेमच्या पोटात आहे की तुमच्यापैकी कित्येकजण रोज ती वापरत असतील. कंपनी गेली, हत्यार राहिलं.

पुढे रॉकेट लीगचं पाहा. त्याची लिनक्स आवृत्ती होती आणि लोकांनी ती पैसे मोजून घेतली होती. २०२० च्या सुरुवातीला तो बनवणाऱ्या सायॉनिक्सनं जाहीर केलं की गेम आता मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टएक्स ११ या ग्राफिक्सच्या पद्धतीवर जाणार, त्यामुळे मॅक आणि लिनक्सच्या आवृत्त्या मार्चपासून ऑनलाइन चालणार नाहीत. दोन्ही मिळून खेळणारे ०.३ टक्क्यांहूनही कमी, असं त्यांनी आकड्यानिशी सांगितलं आणि पैसे परत द्यायची तयारीही दाखवली. रागावलेल्या लोकांनी मग काय केलं? त्याच गेमची विंडोज आवृत्ती लिनक्सवर लावली आणि खेळत राहिले. रस्ट गेमची लिनक्स आवृत्तीही तशीच २०१९ मध्ये बंद झाली होती.

मला यात कंपन्यांचा दुष्टपणा दिसत नाही. वेगळी आवृत्ती काढणं म्हणजे नुसतं गेम बनवायच्या युनिटी किंवा गोडोच्या मेनूतून ‘लिनक्स’ निवडून बिल्ड काढणं नव्हे. पुढची पाच वर्षं प्रत्येक अपडेटला ती तपासावी लागते. विंडोजवर ‘टेक्स्चर’ हा शब्द मोठ्या टी नं लिहिला काय नि छोट्या काय, फाइल सापडते. लिनक्सवर सापडत नाही, आणि खेळाडूला जंगलाच्या जागी गुलाबी भिंत दिसते. तुमच्या पाच-सात जणांच्या टीममध्ये हे पाहायला माणूस कुठून येणार? मग ती आवृत्ती दोन अपडेट मागे पडते, सेव्ह फाइल जुळेनाशी होते, आणि शेवटी आम्हीच ती सोडून विंडोजचीच आवृत्ती प्रोटॉनवर, म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालवतो. हे इतक्या वेळा झालं आहे की पेंग्विनचं चिन्ह पाहूनही अनेकजण सवयीनं सेटिंगमध्ये जाऊन प्रोटॉनच निवडतात.

स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीलाही हे ठेच लागूनच कळलं. २०१२ साली विंडोज ८ येऊ घातलं तेव्हा त्यात मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं दुकान होतं, आणि व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूवेल यांनी ते पीसीच्या धंद्यावरचं संकट असल्याचं उघड बोलून दाखवलं. त्याच वर्षी त्यांच्या लोकांनी लेफ्ट ४ डेड २ लिनक्सवर आणला आणि एकाच मशीनवर तो सेकंदाला ३१५ फ्रेम देऊ लागला, तर विंडोजवर २७०.६. २०१३ च्या फेब्रुवारीत स्टीम लिनक्सवर आलं आणि २०१५ च्या नोव्हेंबरात स्टीम मशीन नावाचे खोके बाजारात आले. मदार सगळी एकाच गोष्टीवर होती: गेम बनवणारे आपणहून लिनक्सची आवृत्ती काढतील. काहींनी काढली, बहुतेकांनी नाही, आणि ते खोके पडून राहिले. त्यानंतर व्हॉल्व्हनं तुम्हाला विनवणं थांबवलं आणि विंडोजचाच गेम जसाच्या तसा चालवण्याच्या कामाला पैसा लावला. मीही तेव्हापासून विनवणं थांबवलं.

ते काम कसं चालतं हे तुम्हाला ठाऊक असेलच असं नाही, कारण आपल्याकडे एमएस-सीआयटीपासून इंजिनिअरिंगपर्यंत संगणक म्हणजे विंडोज असंच गृहीत असतं. म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

गेम सुरू करणाऱ्या ईएक्सई फाइलीत बहुतेक भाग प्रोसेसरला द्यायच्या सूचनांचा असतो. त्या इंटेल किंवा एएमडीच्या प्रोसेसरसाठी असतात आणि खाली विंडोज आहे की लिनक्स याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. प्रश्न येतो तो गेम जेव्हा फाइल उघडून मागतो, आवाज वाजवायला सांगतो, पडद्यावर त्रिकोण रंगवायला सांगतो तेव्हा. ही कामं विंडोजच्या डीएलएल, म्हणजे तयार कोडच्या फाइली, करतात. वाइन हा प्रकल्प त्याच डीएलएल नव्यानं लिहितो. नावं तीच, वागणूक तीच, आतून काम मात्र लिनक्सकडून करून घ्यायचं. आणि वागणूक तीच म्हणजे चुकांसकट तीच, कारण विंडोजमधल्या एखाद्या जुन्या चुकीवर विसंबून लिहिलेले गेम काही कमी नाहीत. १९९३ मध्ये हे काम सुरू झालं. १९९४ पासून अलेक्झांद्र ज्युलियार त्याची धुरा सांभाळताहेत. १.० हा आकडा गाठायला २००८ उजाडलं. एवढा धीर आपल्याकडच्या कुठल्या गुंतवणूकदारानं दाखवला असता, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

सगळ्यांत अवघड भाग ग्राफिक्सचा. पडद्यावर चित्र काढून घ्यायची मायक्रोसॉफ्टची पद्धत, म्हणजे डायरेक्ट-थ्रीडी, लिनक्सवर नाही. वाइन पूर्वी तिचं रूपांतर ओपनजीएल या जुन्या खुल्या पद्धतीत करायचं. चालायचं, पण रखडत. २०१६ मध्ये व्हल्कन ही नवी खुली पद्धत आली आणि ग्राफिक्स कार्डाशी जवळून बोलायची सोय झाली. फिलिप रेबोले या जर्मन तरुणाला नीअर: ऑटोमाटा हा गेम लिनक्सवर खेळायचा होता. चालत नव्हता, म्हणून त्यानं डायरेक्ट-थ्रीडी ११ चं व्हल्कनमध्ये रूपांतर करणारा डीएक्सव्हीके लिहायला घेतला. व्हॉल्व्हनं त्याला पगारावर घेतलं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये वाइन, डीएक्सव्हीके आणि इतर तुकडे एकत्र बांधून प्रोटॉन जाहीर झालं तेव्हा तपासलेल्या गेमची अधिकृत यादी अवघी २७ नावांची होती. डूम, टेकन ७, आणि अर्थातच नीअर: ऑटोमाटा त्यात होते. डायरेक्ट-थ्रीडी १२ साठी मग व्हीकेडी-थ्रीडी-प्रोटॉन आलं.

आणखी एक अडचण बाहेरून दिसत नाही. विंडोजमध्ये एक थ्रेड, म्हणजे प्रोग्रामचा समांतर चालणारा एक धागा, एकाच वेळी अनेक गोष्टींची वाट पाहू शकतो. यातलं काहीही झालं तर मला उठव, असं सांगून झोपतो. लिनक्समध्ये याला तंतोतंत जुळणारी सोय नव्हती, त्यामुळे वाइनला दर वेळी दुसऱ्या प्रोसेसकडे हेलपाटा घालावा लागे. आठ-आठ थ्रेड पळवणाऱ्या आजच्या गेममध्ये हे हेलपाटे जाणवतात. २०२२ च्या जानेवारीत लिनक्सच्या ५.१६ कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, त्यासाठी नवा सिस्टिम कॉल आला, आणि २०२५ मध्ये ६.१४ कर्नलमध्ये एनटीसिंक नावाचा ड्रायव्हर, जो विंडोजची ही पद्धत थेट कर्नलमध्येच पुरवतो. तुमचे गेम नीट चालावेत म्हणून लिनक्सच्या गाभ्यात भर पडली आहे. एवढं दुसऱ्यांनी फुकटात करून ठेवलं आहे.

याचा फायदा तुम्हाला कसा होतो त्याचं एल्डन रिंगइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत, लिनक्सवर चालणारा व्हॉल्व्हचा हातात धरून खेळायचा स्टीम डेक बाजारात आला त्याच सुमारास, हा गेम आला. पीसीवर तो नव्या भागात शिरताना अडखळत होता. काही ठिकाणी तो हजारो कमांड बफर वगैरे एकदम तयार करायचा आणि मेमरी सांभाळणाऱ्या भागाची तारांबळ उडायची. व्हॉल्व्हच्या लोकांनी प्रोटॉनमध्ये अशी सोय केली की या गोष्टी एकदा घेतल्या की जपून ठेवायच्या, पुन्हा पुन्हा मागायच्या नाहीत. गेमच्या एका ओळीलाही हात न लावता डेकवर ते अडखळणं ओसरलं. महागडी विंडोज मशीन घेऊन बसलेले लोक हातातल्या छोट्या यंत्राकडे पाहत राहिले. गेम बनवणाऱ्यांना ही दुरुस्ती न मागता मिळाली.

तर मग उरलं काय? तुम्ही ठरवून लावलेली कुलुपं. आणि हे पत्र लिहिण्याचं खरं कारण तेच आहे.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आली आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता मिळाली. म्हणजे आता स्पर्धेचे गेम इथेही बनणार. पुण्यातल्या सुपरगेमिंगनं इंडस हा बॅटल रोयाल फोनसाठी काढलेलाच आहे. (त्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्सचाच कर्नल असतो, हे जाता जाता.) उद्या तुमच्यातलं कुणी असा गेम पीसीवर आणेल, आणि पहिल्याच बैठकीत विषय निघेल अँटी-चीटचा, म्हणजे लबाडी करणारे प्रोग्राम (चीट) पकडणाऱ्या सॉफ्टवेअरचा. त्या बैठकीत कुणीतरी म्हणेलच, ‘लिनक्स राहू दे, ती कटकट नको.’

तेव्हा हे लक्षात ठेवा, की २०२१ च्या सप्टेंबरमध्ये ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन्ही मोठ्या सेवांनी प्रोटॉनवर चालण्याची सोय केली. ईझी अँटी-चीटसाठी त्यांच्या पोर्टलवर लिनक्सचा पर्याय चालू करायचा आणि तिथून मिळणारी एक फाइल गेमबरोबर पाठवायची. नवं बिल्ड लागत नाही, एसडीके (त्या सेवेची जोडसामग्री) बदलावं लागत नाही. बॅटलआयसाठी तर त्यांना कळवलं की झालं. एल्डन रिंगनं हे पहिल्या दिवसापासून केलं. आर्क रेडर्ससारखा २०२५ मधला गर्दीचा गेमही प्रोटॉनवर चालतो.

आणि ज्यांनी केलं नाही त्यांच्या गमतीही ऐका. ज्या एपिकच्या मालकीचं ईझी अँटी-चीट आहे, त्याच एपिकचा फोर्टनाइट लिनक्सवर येत नाही. दुकानदार आपल्या दुकानातला माल स्वतः खात नाही म्हणायचं. जीटीए ५ पीसीवर आला २०१५ साली. पुढे तो प्रोटॉनवर आणि डेकवर छान चालत होता, ऑनलाइनसुद्धा. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये त्यात बॅटलआय घातलं गेलं आणि लिनक्सवाल्यांचं ऑनलाइन एका अपडेटनं बंद. स्टीम डेकवर जीटीए ऑनलाइनसाठी बॅटलआय चालत नाही, असं रॉकस्टारनं मदतीच्या पानावर लिहिलं. बॅटलआयला एक निरोप धाडायचा होता.

एपेक्स लीजंड्सचं प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. त्यांनी लिनक्सला परवानगी दिली होती, डेकवर गेम चालत होता. २०२४ च्या ऑक्टोबरअखेर त्यांनी ती काढून घेतली. म्हणणं असं की लिनक्स मोकळं असल्यामुळे चीट लिहिणाऱ्यांना तिथे लपणं सोपं जातं आणि त्या मानानं प्रामाणिक खेळाडू थोडे आहेत. या म्हणण्यात तथ्य आहे. लिनक्सवर कुणीही स्वतःचा कर्नल बांधून चालवू शकतो. अशा मशीनवर ‘कर्नलनं शपथेवर सांगितलं की चीट नाही’ या साक्षीला अर्थ उरत नाही. आमच्यातले काहीजण ही गोष्ट मान्यच करत नाहीत आणि प्रत्येक बंदीला मायक्रोसॉफ्टचा कट म्हणतात. मला ते पटत नाही. लाखो रुपयांच्या बक्षिसाची स्पर्धा असेल आणि त्या गेमनं लिनक्सला नाही म्हटलं, तर मी भांडायला येणार नाही.

पण म्हणून कर्नलमध्ये शिरणं हा उपाय ठरतो का? रायट कंपनीचं व्हॅन्गार्ड हे अँटी-चीट विंडोजच्या कर्नलमध्ये बसतं. २०२४ मध्ये ते त्यांच्या लीग ऑफ लीजंड्सलाही लागलं आणि वाइनवर वर्षानुवर्षं चालणारा तो गेम लिनक्सवरून गेला. दुसरीकडे विंडोजवरचे चीटवाले आता पीसीआय स्लॉटमध्ये वेगळं कार्ड बसवून दुसऱ्या संगणकावरून मेमरी वाचतात. कर्नलमधल्या पहारेकऱ्याला ते सहजासहजी दिसत नाही. आणि भिंतीआडचा शत्रू दाखवणाऱ्या चीटवर त्याच रायट कंपनीनं व्हॅलोरंटमध्ये काढलेला तोडगा पाहा: शत्रू दिसण्याजोगा होईपर्यंत त्याची जागा सर्व्हर खेळाडूच्या मशीनला कळवतच नाही. जे मशीनमध्ये आलंच नाही ते चोरणार काय? याला विंडोज लागत नाही, कर्नल लागत नाही. सर्व्हरवर डोकं आणि पैसा लागतो, आणि बहुधा म्हणूनच तो मार्ग कमी लोक धरतात.

कर्नलमध्ये शिरण्याची जोखीमही तुमच्याच नावावर लागते. २०१६ मध्ये कॅपकॉमनं स्ट्रीट फायटर ५ च्या एका अपडेटबरोबर असा ड्रायव्हर पाठवला की मशीनवरचा कुठलाही प्रोग्राम त्याच्या आडून कर्नलमध्ये वाटेल ते चालवू शकत होता. बोंब झाली, अपडेट मागे घ्यावं लागलं. २०२२ मध्ये ट्रेंड मायक्रोनं दाखवून दिलं की गेन्शिन इम्पॅक्टचा अँटी-चीट ड्रायव्हर खंडणीखोर टोळ्या अँटीव्हायरस बंद पाडायला वापरताहेत. मशीनवर तो गेम असण्याचीही गरज नव्हती, सही केलेला ड्रायव्हर तेवढा बरोबर आणला की झालं. २०२४ च्या १९ जुलैला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटनं जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन कोसळली आणि आपल्या विमानतळांवर हातानं बोर्डिंग पास लिहायची वेळ आली. तो गेमचा ड्रायव्हर नव्हता, पण बसला होता तिथेच, कर्नलमध्ये. कॅरमचा एक डाव खेळायला आलेल्या पाहुण्यानं कपाटाच्या किल्ल्या मागाव्यात, तसं हे आहे.

आणि तुमच्यापैकी बहुतेकजण ज्या प्रकारचे गेम बनवता त्यांना हे सगळं लागतच नाही. एकट्यानं खेळायची साहसकथा, दोन मित्रांनी मिळून खेळायचं कोडं, यात चीट करून कुणी कुणाचं काय घेणार? तरीही सवयीनं, प्रकाशकानं सांगितलं म्हणून, असलं काहीतरी चिकटवलं जातं. त्याची किंमत पुढे कळते. दोन हजार सालच्या सुमारास सीडीवरचे कितीतरी गेम सेफडिस्क नावाच्या कॉपी-संरक्षणासह यायचे. तेही ड्रायव्हर घालायचं. २०१५ मध्ये विंडोज १० नं सुरक्षेच्या कारणानं तो ड्रायव्हर नाकारला आणि लोकांनी पैसे देऊन घेतलेल्या सीड्या खुद्द विंडोजवरच निकामी झाल्या.

बाकीच्या गोष्टी किरकोळ आहेत, पण गेम नेमके तिथेच अडतात, म्हणून सांगतो. गेममधल्या व्हिडिओसाठी विंडोजचं मीडिया फाउंडेशन वापरलंत तर त्याचे कोडेक (व्हिडिओ उलगडणारे कोड) पेटंटच्या भानगडीत असल्यानं प्रोटॉन ते सरळ देऊ शकत नाही. कथेच्या ऐन मोक्याला खेळाडूला रंगीत पट्ट्यांची पाटी दिसते. व्हिडिओ व्हीपी९ मध्ये ठेवा किंवा बिंक वापरा, प्रश्न मिटतो. स्टीमवरून सुरू होणाऱ्या गेमच्या आधी स्वतःचा वेगळा लाँचर उघडू नका. गेम चालतो, लाँचर पडतो, आणि शिव्या गेमला. विंडोजवरच्या खेळाडूलाही तो लाँचर नको असतो, हे तुम्हाला माहीत आहेच. आणि चीट शोधताना वाइन दिसलं की लगेच बॅन, असा नियम लिहू नका. मार्व्हल रायव्हल्सच्या कंपनीकडून २०२५ च्या जानेवारीत तेच घडलं; मॅक आणि लिनक्सवरच्या निरपराध लोकांवर बंदी बसली, मग माफी मागून ती उठवावी लागली.

‘लिनक्सवाले थोडे आणि तक्रारी फार’, हे मी तुमच्या क्षेत्रातल्या लोकांकडून ऐकलेलं आहे. त्यावर एक हिशेब देतो. डेल्टा-व्ही: रिंग्ज ऑफ सॅटर्न हा गेम करणाऱ्या निर्मात्यानं २०२१ मध्ये आपले आकडे उघड केले होते. विकलेल्या प्रतींपैकी लिनक्सवाल्यांच्या ५.८ टक्के, पण त्रुटींच्या एकूण अहवालांपैकी ३८ टक्के त्यांनी पाठवलेले. तुमच्या म्हणण्याला पुष्टीच मिळाली की! पण पुढचं वाचा. त्या सुमारे ४०० अहवालांपैकी फक्त ३ लिनक्सपुरते होते. बाकीच्या त्रुटी सगळ्यांनाच त्रास देत होत्या, विंडोजवाल्यांनी फक्त सांगितल्या नव्हत्या. आणि अहवालही कसे, तर लॉग जोडलेले, कोणत्या पायरीला काय झालं ते लिहिलेले. अशा चाचणीला एरवी पैसे मोजावे लागतात.

संख्या थोडी आहे हे खरं. स्टीमच्या मासिक पाहणीत लिनक्सनं २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये कुठे तीन टक्क्यांचा आकडा ओलांडला. वाढ मोठी केली ती स्टीम डेकनं, आणि तो आपल्याकडे मिळतो तो आयात करणाऱ्या दुकानदारांकडे, जास्तीचे पैसे मोजून. पण आपल्याकडची गोष्ट डेकपुरती नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक प्रोसेसर लागतो. लॅमिंग्टन रोडवरून किंवा तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून असेंबल केलेली, सहा-आठ वर्षांपूर्वीची मशीन घराघरांत आहेत. कार्ड चांगलं, रॅम पुरेशी, गेम अजून झेपतात, विंडोज ११ तेवढं बसत नाही. दुकानदार म्हणतो, ‘विंडोज मारून देतो, चालेल कसंतरी.’ काही पोरं आता तसं न करता पेनड्राइव्हवरून लिनक्स टाकताहेत, स्टीम उघडताहेत, आणि ज्यांचे गेम चालतात त्यांचे खेळताहेत. ही पोरं तुमचीच गिऱ्हाइकं आहेत, आणि त्यांना विंडोज आवृत्तीच चालते.

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये व्हॉल्व्हनं नवं स्टीम मशीन आणि डोक्यावर घालायचं स्टीम फ्रेम जाहीर केलं. फ्रेममध्ये एआरएम प्रोसेसर आहे, म्हणजे तिथे नुसत्या विंडोजच्या हाका नव्हे, प्रोसेसरच्या सूचनासुद्धा फेक्स नावाच्या प्रकल्पातून रूपांतरित होणार. ॲपलनंही २०२३ मध्ये मॅकसाठी जे गेम पोर्टिंग टूलकिट दिलं त्याच्या पायाशी वाइनचाच कोड आहे. तुमचा विंडोजसाठीचा एक बिल्ड आता या सगळ्या ठिकाणी जाऊ शकतो.

पुण्याच्या नॉडिंग हेड्सनी २०२० मध्ये राजी हा गेम आधी निन्टेंडो स्विचवर आणला आणि मग पीसीवर. म्हणजे विंडोजबाहेरच्या यंत्राचा विचार करणं आपल्या गावाला नवं नाही. स्विचसाठी जेवढी मेहनत लागते त्याच्या शंभराव्या हिश्शाचीही मी मागणी करत नाहीये. स्टीम नेक्स्ट फेस्टला डेमो टाकण्याआधी ऑफिसातल्या एखाद्या जुन्या मशीनवर लिनक्स टाका, स्टीम लावा, प्रोटॉनवर तुमचा गेम अर्धा तास खेळून पाहा. मशीन नसेल, वेळ नसेल, तर बीटाच्या चार-दोन की लिनक्सवर खेळणाऱ्यांसाठी राखून ठेवा आणि तसं जाहीर करा. की घ्यायला आम्ही येऊ आणि काय फुटलं ते लॉगसकट कळवू. ऑनलाइन गेम असेल तर अँटी-चीटच्या पोर्टलवरचा तो एक पर्याय चालू ठेवूनच बीटा काढा. चीटचा त्रास खरोखर झाला तर बंद करायचा अधिकार तुमच्याकडे आहेच, फक्त तसं करायच्या आधी ज्यांनी गेम विकत घेतला त्यांना कळवा आणि पैसे परत द्या.

आणि स्टीमवरच्या पानावर, सिस्टिम रिक्वायरमेंटच्या खाली, ‘प्रोटॉनवर तपासलं आहे, अधिकृत पाठिंबा नाही’ असं लिहिलंत तरी मला पुरेसं आहे. पाठिंबा नाही म्हणून कुणी तुम्हाला फोन करणार नाही. तपासलं आहे म्हणून विकत मात्र घेईल.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
लिनक्सवर खेळणारा एक गिऱ्हाईक